दोघांनी द्यायची गोळी

“तोंड उघड गं बाई, तोंड उघड,” असं पुटपुटत मशीनवाल्यानं पुन्हा एकदा बॉबिन मांजरीच्या जबड्याच्या कोपऱ्यात बोट घातलं, आणि बॉबिननं पुन्हा एकदा त्या बोटाला कडकडून चावा घेतला. टॉवेलात गुंडाळलेलं तिचं अंग एवढंसं झालं होतं, पोट तेवढं टम्म फुगलेलं. पण चावायची ताकद कुठून येत होती कोण जाणे. त्यानं बोट ओढून घेतलं तेवढ्यात ती टॉवेलातून निसटली आणि कपाटाखाली गेली. गोळी फरशीवर पडली होती. थुंकीनं ओली, अर्धवट विरघळलेली.

त्यानं गुडघ्यांवर बसून कपाटाखाली बॅटरी मारली. दोन हिरवे डोळे चमकले. आणि त्यांच्या जरा अलीकडे, धुळीत, कालची गोळी दिसली. काल त्याला वाटलं होतं, गिळली.

तो तसाच फरशीवर बसून राहिला.

शिलाईच्या मशिनी दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. बाजारातल्या शिंप्यांना त्याचं खरं नाव विचारलं असतं तर चटकन आठवलं नसतं. सगळ्यांसाठी तो मशीनवाला. मशीनच्या पोटात जिथे नजर पोचत नाही तिथला स्क्रू तो नुसत्या बोटांनी चाचपून काढायचा. बोलण्यात मात्र भारी कंजूष. गिऱ्हाइकानं दहा वाक्यं बोलावीत आणि यानं “उद्या या” म्हणावं. मांजरीचं नावही त्यानं शोधून ठेवलेलं नव्हतं. पिल्लू असताना ती दुकानातली दोऱ्याची बॉबिन पळवून न्यायची, म्हणून बॉबिन.

परवा दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या पोटातून सुईनं थोडं पाणी काढलं. पिवळसर, मधासारखं चिकट. ते उजेडाकडे धरून त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग तपासणीचा निकाल आला तेव्हा त्यांनी मशीनवाल्याला समोर बसवलं.

“हा एका विषाणूचा आजार आहे. साध्या रूपात तो कितीतरी मांजरांच्या आतड्यात असतो. चार दिवस पोट बिघडवतो नि जातो. पण एखाद्याच मांजराच्या अंगात तो रूप पालटतो आणि सगळीकडे पसरतो. तिच्याच नशिबी का, ते मला सांगता येणार नाही. तुमचं काही चुकलेलं नाही.”

“बरा होतो?”

“पूर्वी मी याच खुर्चीत बसून लोकांना सांगायचे, घरी न्या, लाड करा, फार त्रास व्हायला लागला की परत आणा. दुसरं काही हातात नव्हतं. आता औषध आहे. बहुतेक मांजरं वाचतात. सगळी नाही हं. बहुतेक.”

“औषध करतं काय नेमकं?”

हा प्रश्न डॉक्टरांना आवडला असावा. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “विषाणू शरीरात शिरला की स्वतःच्या नकला काढत सुटतो. एकेक तुकडा जोडत नक्कल तयार होते. हे औषध त्या तुकड्यासारखंच दिसतं. विषाणू फसतो, तोच तुकडा जोडतो, आणि नक्कल तिथेच अडकते. म्हणजे आपण त्याला ठार मारत नाही, वाढू देत नाही. बाकीचं तिचं शरीर निस्तरतं.”

मशीनवाल्यानं थोडा विचार केला. “खालचा दोरा संपल्यासारखं. मशीन धडधडत राहते, टाका पडत नाही.”

“अगदी तसंच. पण रोज. बारा आठवडे, रोज ठरलेल्या वेळी. हिचा ताप पहिल्या दोन-चार दिवसांतच उतरेल, खायला लागेल, आणि तुम्हाला वाटेल की झाली बरी. तिथेच लोक चुकतात. मध्ये गोळ्या बुडाल्या तर विषाणूला उसंत मिळते, आणि फारच बुडाल्या तर तो औषधाला जुमानत नाही.” मग त्यांनी सहज विचारलं, “घरी अजून कोण आहे? एकानं धरायचं, दुसऱ्यानं द्यायची. एकट्याचं काम नाही हे.”

“बघतो,” मशीनवाला म्हणाला होता.

आता कपाटासमोर बसून त्यानं खिशातून फोन काढला. ज्या नंबरवर त्यानं वर्षभरात एकदाही फोन केला नव्हता, तो त्याला पाठ होता.

त्याची बायको हवामान खात्यात निरीक्षक होती. ती गेली तेव्हा दोघांचं भांडण झालं होतं असं म्हणता आलं नसतं. भांडायलाही दोघांनी बोलावं लागतं. एका सकाळी चहा ओतता ओतता ती म्हणाली, “या घरात मला फक्त माझाच आवाज ऐकू येतो.” त्याला काहीतरी उत्तर द्यायचं होतं. काय द्यावं याची तो मनात जुळवाजुळव करत होता, तेवढ्यात कुणीतरी मशीन घेऊन दारात आलं. आठवड्याभरात तिनं ऑफिसजवळ खोली घेतली. मूलबाळ नव्हतं. बॉबिनला तिनंच आणलं होतं, ऑफिसच्या आवारात, थर्मामीटर ठेवायच्या पांढऱ्या पेटीखाली सापडलेलं पिल्लू. पण नव्या घरमालकिणीला मांजर चालत नव्हतं. म्हणून बॉबिन राहिली आणि ती गेली.

“हॅलो.”

“मी बोलतोय.”

“हं.”

“बॉबिन आजारी आहे.”

पलीकडून काही आलं नाही. मग मशीनवाल्याला बोलावंच लागलं. पोटातलं पाणी, विषाणू, त्याच्या नकला, गोळी, कपाटाखालची गोळी, सगळं त्यानं सांगितलं. एका दमात इतकं तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता. शेवटी शेवटी त्याला धाप लागली.

“आत्ताची गोळी थुंकली?”

“हो.”

“दुसरी काढून ठेवा. येते.”

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की तिनं त्याला कुठल्याच नावानं हाक मारली नव्हती. पूर्वी तिचं प्रत्येक वाक्य ‘अहो’नं सुरू व्हायचं. आता वाक्यं तशीच, डोक्यावर काही न घेता आली होती.

सात वाजता ती आली. चपला बाहेर काढल्या, आणि परक्या घरी उभं राहावं तशी उंबऱ्यात उभी राहिली.

“ये ना,” तो म्हणाला.

तिचा आवाज ऐकून बॉबिन आपणहून कपाटाखालून बाहेर आली. बायकोनं तिच्या पोटाखाली हात घातला आणि खाली मान घालूनच म्हणाली, “केवढंसं तोंड झालंय हिचं.” मग पदर खोचून ती फरशीवर बसली. बॉबिनला टॉवेलात घट्ट गुंडाळून तिनं दोन गुडघ्यांच्या मध्ये धरलं आणि डोकं अलगद वर केलं. “आता तुम्ही टाका. मागे, जिभेच्या मुळाशी.”

त्याची बोटं आत गेली, गोळी सोडून बाहेर आली. बायको बॉबिनचा गळा चोळत राहिली. दोघंही श्वास धरून बघत होते. बॉबिननं जीभ काढून नाक चाटलं.

“गेली,” बायको म्हणाली.

“चहा?”

“नको. उशीर होईल.” दारात चपला घालताना ती थांबली. “उद्या सातलाच ना?”

डॉक्टरांनी म्हटलं तसंच झालं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. बॉबिननं उकडलेली कोंबडी खाल्ली, आणखी मागितली. हळूहळू पोट खाली बसलं आणि पाठीवरच्या केसांना पुन्हा चकाकी आली. ही बातमी द्यायला तो सात वाजायची वाट बघायचा. आणि बातमी द्यायची म्हणजे आधी नीट बघून ठेवायला हवी. मग तो दिवसभर बॉबिनला दुकानात शेजारी ठेवून तिच्याकडे लक्ष ठेवू लागला.

“आज खिडकीत चढली. दोनदा घसरली, मग चढली. आणि चढल्यावर अशी बघत होती, जणू घसरणारी दुसरीच कुणीतरी.”

बायको हसली. ते हसू बघून त्याला दुसऱ्या दिवशी आणखी काहीतरी सांगावंसं वाटलं. बॉबिनच्या गोष्टी पुरेनात, तेव्हा तो दुकानातल्या सांगू लागला. एका शिंप्यानं मशीनमध्ये तेल म्हणून केसांचं तेल घातलं होतं. “पुसून पुसून हात टेकले मी. आता त्याच्याकडचे सगळे शर्ट घमघमणार.”

एव्हाना ती चहा घेऊ लागली होती. हसताना तो बशीत सांडला. बशी पुसत ती म्हणाली, “हे असलं तुम्ही मला कधी सांगायचा नाहीत.”

“सांगण्यासारखं वाटायचं नाही.”

“मला ऐकण्यासारखं वाटलं असतं.”

 दुसऱ्या दिवसापासून साडेसहालाच दुकान बंद होऊ लागलं. हाताचं तेल साबणानं खरवडून काढायचं, धुतलेला शर्ट घालायचा, आधण ठेवायचं. समोरच्या घरातल्या वहिनींच्या नजरेतून यातलं काहीही सुटत नव्हतं. एकदा त्यांनी बायकोला जिन्यातच गाठलं.

“काय हो, उद्या पाऊस आहे का?”

“शक्यता आहे.”

“तुमच्या खात्यानं सांगितलं ना? मग बिनधास्त कपडे बाहेर वाळत टाकते.” आणि हसून झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाल्या, “रोज येता, बरं वाटतं हो बघून.”

त्या संध्याकाळी गोळी देताना दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

बारांतले निम्मे आठवडे उलटले असतील नसतील, तोच बॉबिन पुन्हा मलूल झाली. सकाळी खाल्लं नाही. दुपारी कान गरम लागले. मशीनवाल्यानं बायकोला ऑफिसात फोन केला आणि बॉबिनला टोपलीत घालून दवाखाना गाठला. बायको तशीच, गळ्यात ओळखपत्र लटकवून, धापा टाकत आली. बाकावर एक कुत्रेवाला आणि एक पोपटवाली यांच्या मध्ये दोघांपुरती जागा होती. खांद्याला खांदा लावून बसावं लागलं. टोपलीतून आवाज येत नव्हता. बायकोनं टोपलीच्या फटीतून बोट आत घातलं होतं, आणि दुसऱ्या हातानं त्याच्या शर्टाची बाही घट्ट धरली होती. आपण काय धरलंय ते तिला कळलं होतं की नाही, कोण जाणे.

“अहो,” ती म्हणाली, “हिला काही होणार नाही ना?”

त्याचे कान टवकारले. वर्षभरानं ऐकलेला तो शब्द त्याला पुन्हा ऐकायचा होता. पण आता गप्प बसून चालणार नव्हतं हेही त्याला उमगलं.

“होणार नाही,” तो म्हणाला. “आणि झालंच तर आपण दोघं आहोत इथे.”

डॉक्टरांनी बॉबिनला आधी काट्यावर ठेवलं. मग रक्त काढलं. काटा बघूनच त्यांच्या कपाळावरची आठी गेली होती. “अहो, ही केवढी वाढलीय! आणि गोळी अजून तीच, पहिल्या मापाची. वजन वाढलं की मला कळवायचं, म्हणाले नव्हते का? अंग वाढलं, औषध कमी पडलं. विषाणूनं डोकं वर काढलंय, पण आपण वेळेत पकडलंय.”

चूक त्याची होती. हे सांगितलेलं त्याच्या डोक्यातून गेलं होतं.  दुसऱ्या दिवशी येताना बायकोनं एक वजनकाटा आणला आणि दाराजवळ ठेवला.

गोळी वाढवली, ताप गेला. पुढचे आठवडे इतके सुरळीत गेले की मशीनवाल्याला त्यांची भीती वाटू लागली. बॉबिन आता टॉवेलाशिवायही गोळी घेई. खरं तर ती इतकी सरावली होती, की एकट्यालाही देता आली असती. हे त्याच्या लक्षात आलं होतं. बायकोच्याही आलं असणार. पण ती रोज येत होती, बॉबिनला गुडघ्यांत धरत होती, आणि दोघांपैकी कुणीही तो विषय काढला नाही.

शेवटच्या तपासणीला दोघं मिळून गेले. डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला आणि तोंडभर हसल्या. “रक्त अगदी निरोगी मांजरासारखं. आजपासून गोळी बंद.”

बायकोनं डोळे टिपले. मशीनवाला मात्र टेबलाकडे बघत राहिला.

“अजून थोडे दिवस चालू ठेवली तर?” त्यानं विचारलं.

“कशाला?”

“म्हणजे... खात्री म्हणून.”

“गरज संपली की औषध थांबवायचं,” डॉक्टर म्हणाल्या. “आता फक्त लक्ष ठेवायचं. आणखी तीन महिने. खातेय का, खेळतेय का, ताप येतोय का. तेवढ्या दिवसांत तिला कसला धक्का नको. घर बदलणं नको, लांबचा प्रवास नको. ते निभावलं की सुटली.”

बायको त्याच्याकडे बघत होती. त्यानं तो प्रश्न का विचारला हे तिला कळलं होतं.

बाहेर रस्त्याच्या कडेला झाडाखाली एक बाक होता. ती म्हणाली, “बसू या जरा.” टोपली मध्ये ठेवून दोघं बसले.

“माझी बदली झालीय. बढतीवर. डोंगरातल्या वेधशाळेत.”

“कधी?”

“ऑर्डर तर हिच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हाच आली होती. मी मुदत मागून घेतली.”

“हिच्यासाठी?”

तिनं टोपलीच्या झाकणावरचं पान उचलून टाकलं. “हिच्यासाठीही.”

समोरून एक बस गेली. मग सायकलवर गाद्या लादलेला माणूस गेला. मशीनवाल्याच्या छातीत इतकी वर्षं जे अडकून बसलं होतं ते तो बोटांनी चाचपावं तसं चाचपत होता. आणि या वेळी दारात कुणी आलं नाही.

“तू जाऊ नयेस असं मला वाटतं,” तो म्हणाला. “रोज वाटतं. तू जिना उतरतेस तेव्हा रोज वाटतं. आधी गेलीस तेव्हाही वाटलं होतं, मला बोलता आलं नाही. आता थांब असं म्हणत नाही मी. तू जा. बढती आहे, सोडू नकोस. पण मला असं वाटतं हे तुला माहीतच नसावं, तसं नको.”

तिनं टोपलीच्या फटीतून बोट आत घातलं. 

“ऐकलं मी,” ती म्हणाली.

मग जपून, त्याला लागू नये अशा बेतानं म्हणाली, “तिथलं काम मला आवडेल असं वाटतंय. खूप वर्षांपासून हवं होतं ते. आणि अहो, आपण या गोळीच्या वेळेला चांगले होतो. बाकीच्या वेळेला कसे असू, ते मला खरंच माहीत नाही.”

“मलाही नाही,” तो म्हणाला. ते खरं होतं.

ती गेली त्या दिवशी त्यानं तिच्या ट्रंकेची बिजागरी नीट करून दिली, कुलपात तेल सोडलं. तिनं बॉबिनला उचलून तिच्या कपाळावर कपाळ टेकवलं आणि भर्रकन रिक्षात जाऊन बसली.

पुढचे तीन महिने त्यानं बॉबिनवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. दर रविवारी वजन करून तो फोन करायचा. वजनाचं सांगून झालं की तिथल्या धुक्याचं ती सांगायची, वाऱ्याचं सांगायची. तो ऐकायचा, आणि आपलंही काहीबाही सांगायचा. संध्याकाळी बॉबिन टॉवेलाच्या जागी जाऊन बसायची. गोळी नव्हती, तरी तो तिच्यासमोर फरशीवर बसायचा, थोडा वेळ.

शेवटी डॉक्टरांनी बॉबिनला तपासून, पाठीवर थाप मारून सोडलं. तो दवाखान्याच्या पायरीवरच उभा राहून फोनवर म्हणाला, “सुटली. आता घर बदललं तरी चालेल.”

“घर कशाला बदलताय?”

“माझं नाही. हिचं. तुझ्याकडे आवार आहे, झाडं आहेत. घरमालकीण नाही. माझ्याकडे काय, मशीनचं तेल. सगळ्या मिशा काळ्या करून घेते.” तो थांबला. “तुझीच आहे ती. तूच आणली होतीस.”

तिकडून वारा ऐकू आला.

“आणि तुम्ही?”

“मी येतो ना, सोडायला.”

बस चढण चढत चढत दुपारी पोचली. वेधशाळेच्या मागे तिचं दोन खोल्यांचं घर होतं. बॉबिन टोपलीतून बाहेर आली, भिंतीच्या कडेकडेनं दोन्ही खोल्या हुंगून आली, आणि बायकोच्या पलंगावर चढून अंग चाटत बसली. मशीनवाल्यानं तिला काय आवडतं, कशानं उलटी होते, पाण्याचं भांडं कुठे ठेवायचं, सगळं सांगितलं. बायकोला त्यातलं बरंचसं माहीत होतं. तिनं मध्ये टोकलं नाही.

परतीची बस संध्याकाळची होती. तो निघाला तेव्हा ती म्हणाली, “थांबा, फुगा सोडायची वेळ झालीय. बघून जा.”

मागच्या मोकळ्या मैदानात दोन माणसांनी एक पांढरा फुगा धरला होता, माणसापेक्षा उंच. त्याच्या खाली लांब दोरीला एक लहानशी डबी. बायकोनं डबी तपासली, दोरीची गाठ तपासली, घड्याळ पाहिलं, आणि दोन्ही हातांनी फुगा वर सोडला. तो सरळ वर गेला. वाऱ्यानं थोडा कलला, पुन्हा सरळ झाला.

“काय करतो तो?” मशीनवाल्यानं विचारलं.

“वरची हवा कशी आहे ते कळवत राहतो. खूप वर गेला की फुटतो.”

“आणि मग डबी?”

“पडते कुठेतरी. कुणाला सापडली तर आणून देतात. नाहीतर नाही.”

ती दोन माणसं आत गेली. फुगा आता टिकलीएवढा झाला होता. बायको त्याच्या शेजारी उभी होती, हात पाठीमागे बांधून, वर बघत.

“बस चुकेल तुमची,” ती म्हणाली.

“हो,” तो म्हणाला. “अजून दिसतोय.”